तपासणी दिवसाची, काळजी रात्रीची
व्यवसायस्थळांच्या अग्निसुरक्षेची पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याचे कार्य

आगीचा बंब घंटा वाजवीत रस्त्याने धावू लागला म्हणजे बाजारपेठेतील सारा व्यवहार क्षणभर थबकतो. लोक वाट करून देतात, पोरेसोरे मागे धावतात आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतून जवानांच्या धाडसाचे वर्णन प्रसिद्ध होते. ते यथायोग्यच आहे. परंतु याच अग्निशमन सेवेतील एक अधिकारी आग लागण्यापूर्वी, कसलाही गाजावाजा न करता त्याच पेठेतून हिंडत असतो. त्याच्या हाती नोंदवही, विजेरी आणि मोजफीत एवढेच साहित्य असते. दुकाने, उपाहारगृहे, गोदामे, निवासी लॉज, खाजगी शिकवणी वर्ग, दवाखाने अशा ठिकाणी तो जातो, पाहतो, विचारतो आणि लिहून घेतो. त्याचे काम यशस्वी झाले तर काहीच घडत नाही. म्हणूनच त्याच्या कार्याची दखल सहसा घेतली जात नाही.

या अधिकाऱ्याचे काम म्हणजे भिंतीवरील लाल सिलिंडर मोजण्याचे काम, असा एक समज रूढ आहे. सिलिंडर तो मोजतोच. तथापि त्याच्या साऱ्या पाहणीच्या मुळाशी एकच प्रश्न असतो : या जागेत रात्री, अंधारात, धूर कोंडला असता आतील माणूस जिवंत बाहेर पडू शकेल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना तो काय काय पाहतो आणि त्या कामी पंचायत सदस्य, शिक्षक व अन्य विभागांचे अधिकारी यांचे साहाय्य का आवश्यक ठरते, याचा परिचय करून देण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रात या तपासणीचा आधार म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा होय. ६ डिसेंबर २००८ पासून तो अंमलात आला व त्याखालील नियम २००९ मध्ये करण्यात आले. या अधिनियमाच्या नावातच दोन उद्दिष्टे गोवलेली आहेत. एक आगीचा प्रतिबंध आणि दुसरे जीवाचे संरक्षण. माल विम्याने भरून निघेल, माणूस भरून निघणार नाही, हा विचार त्यामागे आहे.

या अधिनियमातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, सुरक्षेची प्राथमिक जबाबदारी मालकावर अथवा भोगवटादारावर टाकण्यात आली आहे. आवश्यक ती उपाययोजना त्याने करावयाची, ती सदैव चालू स्थितीत ठेवावयाची आणि तसे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै या दोन महिन्यांत सादर करावयाचे. हे प्रमाणपत्र अनुज्ञप्तीप्राप्त अभिकरणाकडून, म्हणजे शासनमान्य परवाना असलेल्या संस्थेकडून, घ्यावे लागते. जागा भाड्याची आहे किंवा दुकान धाकट्या भावाच्या नावावर आहे, अशा सबबी येथे चालत नाहीत.

तपासणी करणाऱ्यास अधिनियमात ‘नामनिर्देशित अधिकारी’ असे म्हटले आहे. भोगवटादारास तीन तासांची पूर्वसूचना देऊन सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत त्यास कोणत्याही इमारतीत प्रवेश करून पाहणी करता येते. जीवित वा मालमत्तेच्या सुरक्षिततेसाठी निकडीचे वाटल्यास अन्य वेळीही त्यास जाता येते. उणिवा आढळल्यास ठराविक मुदतीत त्या दूर करण्याविषयी नोटीस देण्यात येते. धोका तात्काळ स्वरूपाचा असल्यास संचालक किंवा मुख्य अग्निशमन अधिकारी ती जागा रिकामी करण्याचा लेखी आदेश देऊ शकतात. अधिनियमाचा भंग करणाऱ्यास कारावास व दंड यांची तरतूद आहे.

नेहमीची तपासणी दिवसाउजेडी होते, ही बाब वाचकांनी येथेच ध्यानात ठेवावी. पुढील विवेचनात तिचा संबंध येणार आहे.

अधिकाऱ्याची घडण

हे काम केवळ पुस्तकी ज्ञानावर होण्यासारखे नाही. मुंबईत सांताक्रूझ येथे राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्र असून तेथे अग्निशामकाचा सहा महिन्यांचा आणि उपस्थानक अधिकारी व अग्निप्रतिबंधक अधिकारी या पदांसाठीचा एक वर्षाचा पाठ्यक्रम चालविला जातो. नागपूर येथील राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय हे तर देशभरातील अधिकाऱ्यांचे विद्यापीठच म्हणावे लागेल. १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे ही संस्था सुरू झाली व १९५७ मध्ये ती नागपुरास आली.

प्रत्यक्ष आगीत उतरलेल्या अधिकाऱ्याची नजर निराळी असते. धुराने भरलेल्या खोलीत हात पुढे करून भिंत चाचपडत जाणे म्हणजे काय, हे त्याने अनुभवलेले असते. म्हणून जिन्यात ठेवलेली खोक्यांची एक थप्पी दुकानदारास क्षुल्लक वाटते, तर या अधिकाऱ्यास ती बंद केलेल्या दारासारखी दिसते.

तपासणी कशी होते?

समजा, तालुक्याच्या गावी मुख्य पेठेत एक कापडाचे दुकान आहे. तळमजल्यावर विक्री, वर लाकडी फळ्यांचा पोटमाळा, मागे लहानशी मोरी, आणि पुढे एकच लोखंडी शटर. अशी दुकाने आपल्या प्रत्येक गावी आढळतात.

अधिकाऱ्याची पाहणी रस्त्यापासूनच सुरू होते. बंब येथवर पोहोचेल काय? पत्र्याची शेड, हातगाड्या, लोंबकळणाऱ्या तारा यांनी वाट अडली आहे काय? पाणी जवळात जवळ कोठे मिळेल? त्यानंतर तो दाराशी येतो. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेचा चौथा भाग अग्नी व जीवसुरक्षेविषयी आहे. बाहेर पडण्याच्या दाराची रुंदी किमान १ मीटर व उंची किमान २ मीटर असावी, दार बाहेरच्या बाजूस उघडावे आणि आतील माणसास ते किल्लीवाचून उघडता यावे, असे त्यात सांगितले आहे. शेवटची अट अत्यंत महत्त्वाची आहे. शटरला बाहेरून कुलूप लावले की आतील माणसासाठी ते दार राहत नाही, भिंत होते.

आत शिरल्यावर वाट पाहावयाची. हल्ली मालाची आवक वाढते त्या प्रमाणात जागा वाढत नाही. त्यामुळे सणासुदीच्या आधी गठ्ठे प्रथम मागच्या दाराशी, मग जिन्यावर आणि अखेर गल्लीत येऊन बसतात. मागचे दार कागदावर असते, पण त्याच्यापुढे महिनोन् महिने माल रचलेला असतो. अधिकारी ते दार प्रत्यक्ष उघडावयास सांगतो. पुष्कळदा किल्ली सापडत नाही.

मग विजेची पाहणी. मीटरची पेटी जिन्याखाली असणे हा आपल्याकडील नित्याचा दोष होय, कारण तेथे ठिणगी पडल्यास उतरण्याची वाटच प्रथम पेटते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घातलेली असते. फ्यूज ही तारेतील मुद्दाम ठेवलेली कमजोर कडी आहे. भार वाढला म्हणजे तिने वितळावे आणि प्रवाह तोडावा, यासाठीच तिची योजना असते. ती कडी मजबूत केली म्हणजे भिंतीतील तार तापू लागते. एकाच बोर्डावरून पंखा, इस्त्री, शेगडी व दिव्यांच्या माळा चालविणे, सैल जोडण्या, उघड्या तारांवर टांगलेले कपडे, या साऱ्यांची नोंद घेतली जाते.

उपाहारगृह वा फरसाणाचे दुकान असल्यास भट्टी, तेल आणि गॅस यांचा विचार करावा लागतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली असता तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर तळघरात ठेवणे धोक्याचे, आणि वायुवीजनाची झरोकी छताशी असून भागत नाही, ती खालीही हवीत. कढईतील तेल पेटल्यास त्यावर पाणी ओतू नये. पाणी तळाशी जाऊन तत्क्षणी वाफ होते आणि जळते तेल चहूकडे उसळते. गॅस किंवा वीज बंद करून कढईवर झाकण ठेवणे हाच तेथे पहिला उपाय होय.

सिलिंडरांची पाहणी यानंतर येते. कोणत्या आगीस कोणते साधन, हे दुकानातील माणसांना ठाऊक असले पाहिजे. लाकूड, कागद, कापड यांच्या आगीस पाणी चालते, परंतु विजेच्या चालू उपकरणावर पाणी मारणे प्राणघातक ठरू शकते. तेथे कार्बन डायऑक्साइडचे किंवा कोरड्या भुकटीचे साधन वापरतात. दाब दाखविणाऱ्या तबकडीचा काटा हिरव्या भागात आहे काय, भरल्याची तारीख कोणती, साधन पडद्याआड वा मालाखाली दडले आहे काय, हे अधिकारी पाहतो. मग तो तेथील सर्वांत नव्या नोकरास विचारतो, “हे चालविता येते का?” हातातील सिलिंडर काही सेकंदांतच रिकामे होते. चावी काढणे, नळी ज्वाळेच्या बुडाशी रोखणे, खटका दाबणे व डावी-उजवीकडे फिरविणे, हे त्या सेकंदांत शिकता येत नाही. ते आधी हाताला माहीत असावे लागते.

धूर आणि वेळ

आगीत माणूस जळून मरतो अशी सर्वसाधारण कल्पना आहे. वस्तुतः बहुसंख्य ठिकाणी ज्वाळा पोहोचण्यापूर्वीच धूर घात करतो. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या पदार्थांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातून प्राणवायू वाहून नेण्याच्या क्रियेतच तो अडथळा आणतो आणि झोपलेल्या माणसास जागही येत नाही. कृत्रिम धाग्यांचे कापड, फोम, प्लॅस्टिक यांच्या धुरात अन्य विषारी वायूंचीही भर पडते. तापलेला धूर वर चढून छताखाली साचतो व तेथून खाली उतरू लागतो. यास्तव पोटमाळ्यावरील माणसास सर्वांत आधी धोका पोहोचतो, आणि खाली असलेल्याने वाकून वा रांगत बाहेर पडावे असे शिकविले जाते.

मुंबईत कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. आसऱ्यासाठी स्वच्छतागृहाकडे गेलेली माणसे तेथे गुदमरली. बाहेर पडण्याची वाट स्पष्ट दिसली नाही तर माणूस सापडेल त्या दारात शिरतो, हे या दुर्घटनेने दाखवून दिले. वाट दाखविणारा उजळ फलक ही शोभेची वस्तू नाही, याचे याहून दुःखद उदाहरण देता येणार नाही.

रात्रीचे रहिवासी

कमला मिलच्या दुर्घटनेपूर्वी अवघे अकरा दिवस, १८ डिसेंबर २०१७ रोजी पहाटे, मुंबईतच साकीनाका येथील खैरानी रस्त्यावर फरसाणाच्या दुकानास आग लागून १२ कामगार मृत्युमुखी पडले. ते कामाच्या जागीच झोपलेले होते. ९ मे २०१९ रोजी पहाटे पुण्याजवळील देवाची उरुळी येथे साड्यांच्या दुकानास आग लागली. आत झोपलेल्या ५ कामगारांना बाहेर पडता आले नाही, कारण दाराला बाहेरून कुलूप होते. १८ मे २०२५ रोजी पहाटे सोलापूर येथे अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत वस्त्रोद्योगाच्या कारखान्यास लागलेल्या आगीत ८ जण दगावले. त्यात कामगारांसमवेत मालक व त्याचे कुटुंबीयही होते.

या घटनांची ठिकाणे वेगळी, व्यवसाय वेगळे. परंतु एक गोष्ट समान आहे. दिवसा जे दुकान वा कारखाना होता, तोच रात्री कोणाचे तरी घर झालेला होता. बाहेरगावाहून आलेल्या कामगारास शहरात खोली परवडत नाही. मालकासही रात्री राखणीला माणूस हवा असतो. दोघांचीही सोय होते आणि पोटमाळ्यावर अंथरुणे पडतात. यात दुष्टावा नसतो. पण कोणत्याही नकाशात, कोणत्याही परवान्यात त्या अंथरुणांची नोंद नसते.

येथेच तपासणी अधिकाऱ्याच्या कामातील खरी अडचण दिसून येते. तो येतो दिवसा आणि धोका असतो रात्री. म्हणून अनुभवी अधिकारी दिवसाच्या उजेडात रात्रीच्या खुणा शोधतो. पोटमाळ्यावर गुंडाळून ठेवलेली वळकटी, दोरीवर वाळणारे कपडे, मोरीतील दात घासण्याच्या ब्रशांची संख्या, कोपऱ्यातील लहान शेगडी व दोन-चार ताटल्या, या वस्तू त्यास पुष्कळ काही सांगून जातात. त्या दिसल्या की तो मालकास विचारतो, “रात्री येथे किती माणसे असतात? शटरची किल्ली कोणापाशी असते?” या दोन प्रश्नांची उत्तरे नोंदवहीत उतरली तरच ती तपासणी पूर्ण झाली असे मानावे.

प्रमाणपत्र आणि वास्तव

व्यावसायिकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. अनेक जुन्या पेठांतील इमारती आजचे नियम होण्यापूर्वीच्या आहेत. भिंतीला भिंत लागून आहे, दुसरा जिना बांधावयास जागा नाही, आणि लहान दुकानदारास मोठा खर्च झेपत नाही. नोटीस आली की त्याला ती आपल्या पोटावर आलेली वाटते. शेजारच्या दुकानास का नाही, असेही तो विचारतो. गावातील वजनदार मंडळींकडून अधिकाऱ्यास शब्द टाकला जातो.

अशा वेळी खर्चाच्या आणि बिनखर्चाच्या गोष्टी निराळ्या करणे उपयुक्त ठरते. स्प्रिंकलर बसविण्यास, पाण्याची टाकी बांधण्यास पैसा व वेळ लागतो. परंतु वाटेतील गठ्ठे हलविण्यास, फ्यूजला योग्य तार घालण्यास, मागच्या दाराची किल्ली दाराजवळ टांगण्यास आणि बाहेरून कुलूप न लावण्यास पैसा लागत नाही. जीव वाचविणाऱ्या पुष्कळशा गोष्टी या दुसऱ्या यादीतल्या आहेत. चांगला अधिकारी पहिल्या यादीसाठी मुदत देतो, दुसऱ्या यादीतील कामे मात्र आपल्या समक्ष करवून घेतो.

प्रमाणपत्राविषयीही एक गैरसमज दूर झाला पाहिजे. जानेवारीतील प्रमाणपत्र हे जानेवारीतील त्या दिवसाचे चित्र असते. फेब्रुवारीत नवा माल आला, जिना अडला, की ते चित्र खोटे ठरते. अधिकारी वर्षातून एक-दोन दिवस त्या जागेत असतो. मालक आणि नोकर उरलेले सारे दिवस तेथे असतात. तपासणीचा हेतू त्यांची नजर तयार करणे हा आहे. ती झाली नाही तर कागद कितीही पूर्ण असला तरी उपयोग नाही.

इतरांचे साहाय्य

या कामाचा विस्तार एका विभागाच्या आवाक्याबाहेरचा आहे. कारखान्यांची पाहणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करते. फटाके, पेट्रोल यांसारख्या पदार्थांच्या साठ्याचे नियमन पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेकडे असून तिचे मुख्य कार्यालय नागपूर येथे आहे. विजेच्या संचमांडणीसाठी विद्युत निरीक्षक आहेत. एका विभागाच्या अधिकाऱ्यास दुसऱ्याच्या कक्षेतील धोका दिसला तर त्याने तो लेखी कळवावा. “आमच्या अखत्यारीत नाही” हे उत्तर आगीस समजत नाही.

ग्रामपंचायतींची जबाबदारी आता वाढली आहे. शहरालगतच्या गावांत शेतजमिनींवर गोदामे, मंगल कार्यालये, ढाबे, लहान कारखाने झपाट्याने उभे राहत आहेत. अग्निशमन केंद्र मात्र दूर शहरात असते. बंब येईतो जो वेळ जातो त्या वेळेत आतील माणसांना स्वतःच बाहेर पडावे लागणार, हे उघड आहे. कर आकारणीच्या निमित्ताने पंचायतीस गावातील प्रत्येक मिळकतीची माहिती असते. कोणत्या मिळकतीत व्यवसाय चालतो आणि तेथे रात्री माणसे राहतात काय, एवढी यादी सदस्यांनी आपापल्या प्रभागात फिरून केली, तरी तपासणी अधिकाऱ्याचे निम्मे काम सुकर होईल. कोणत्याही अधिकाऱ्यास न दिसणारी रात्र गावातील सदस्यास रोज दिसते. बंबास पाणी भरता येईल अशी विहीर वा टाकी निश्चित करणे आणि तिच्याकडे जाणारी वाट मोकळी ठेवणे, हेही पंचायतीच्या हाती आहे.

शिक्षकांनीही या विषयाकडे लक्ष द्यावे. सुरत येथे २४ मे २०१९ रोजी व्यापारी इमारतीच्या वरच्या मजल्यावरील शिकवणी वर्गात आगीमुळे अडकून २२ विद्यार्थी प्राणास मुकले. ती आग भर दिवसा लागली होती. आपले विद्यार्थी शाळा सुटल्यावर कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर शिकावयास जातात आणि तेथे जिने किती आहेत, हे शिक्षकांनी अवश्य विचारावे. १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीतील स्फोटात कर्तव्य बजावताना प्राणार्पण केलेल्या ६६ अग्निशमन कर्मचाऱ्यांचे त्यातून स्मरण केले जाते. त्या सप्ताहात परीक्षांची गडबड असली तरी वर्षातून दोनदा इमारत रिकामी करण्याची कवायत घेणे प्रत्येक शाळेस शक्य आहे. १०१ व ११२ हे क्रमांक मुलांना पाठ असावेत. मूल घरी जाऊन वडिलांना विचारील, “दुकानात झोपणाऱ्या काकांकडे किल्ली असते का?” हा प्रश्न नोटिशीपेक्षा अधिक परिणामकारक ठरू शकतो.

ज्यांच्याकडे लहानमोठे दुकान, गोदाम वा कार्यालय आहे अशा वाचकांनी आज संध्याकाळी जागा बंद करताना पाच मिनिटे काढावीत. दिवे मालवून आतल्या टोकापासून दारापर्यंत एकदा चालून पाहावे. पायात काय येते, हात कोठे अडतो, दार आतून उघडते काय, हे तेव्हाच समजेल. रात्री तेथे कोणी झोपत असेल तर त्याच्या उशाशी किल्ली आणि विजेरी ठेवूनच घरी जावे.